ब्रिटनमध्ये ज्यूद्वेषाचा प्रसंग घडला तर: पुरावा, नोंद आणि तक्रार, पायरीपायरीने

नोव्हेंबर २०२३ मधली एक सकाळ. कामावर निघताना सवयीने दाराच्या चौकटीकडे हात नेला आणि बोटांना नुसतं लाकूड लागलं. मेझुझा, म्हणजे ज्यू घराच्या चौकटीवर लावलेली पवित्र वचनांच्या चर्मपत्राची डबी, जागेवर नव्हता. स्क्रूची दोन भोकं, भोवती रंगाचे टवके उडालेले आणि खाली काळ्या मार्करने खरडलेली एक ओळ. डबी जिन्याच्या तळाशी सापडली, टाचेखाली दाबल्यासारखी चेपलेली. आतलं चर्मपत्र ओल्या फरशीला चिकटलं होतं.

मी ते सोडवून उचललं, ओढणीने टिपलं, कपाटात ठेवलं. चौकटीवरची ओळ फडक्याने घासून काढली आणि कामावर गेले. तीन आठवडे कुणाला काही बोलले नाही. बोलले तेव्हा जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं गेलं होतं, माझ्याकडे एकही फोटो नव्हता आणि त्या ओळीतले नेमके शब्दही सांगता येत नव्हते.

मी ठाण्यात वाढले. आमच्या आजीच्या दारावरच्या मेझुझाला शेजारच्या काकू जाता-येता हात लावून नमस्कार करायच्या. ज्यू म्हणून कुणी वाकडं बोलल्याचं घरात कधी ऐकलं नाही. त्यामुळे इकडे आल्यावर असं काही घडलं की आपण बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातली मराठी बोलणारी ज्यू माणसं, गोंधळतो. 'असेल कुणी दारुडा' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. मी हेच केलं. तुम्ही करू नये म्हणून हे लिहिते आहे.

लिखाण इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे थोडे वेगळे आहेत. आणि हे फक्त ज्यूंसाठी नाही. असा प्रसंग डोळ्यांदेखत पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला यातल्या बहुतेक पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात.

१. आधी जीव, मग बाकी सगळं

मारहाण चालू आहे, कुणी पाठलाग करतंय, हातात शस्त्र आहे, दारावर लाथा बसतायत: ९९९. प्रसंग होऊन गेलाय आणि आता धोका नाही: १०१, किंवा तुमच्या भागातल्या पोलिसांच्या वेबसाइटवरचा फॉर्म. रेल्वेत किंवा लंडनच्या ट्यूबमध्ये असाल तर ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करता येतो. समोरचा माणूस त्याच डब्यात बसलेला असताना फोनवर बोलण्यापेक्षा हे बरं.

शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्या दिवशी फोन आणि लिखाण वर्ज्य असतं. शुक्रवारी रात्री सिनेगॉगमधून (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून) पायी घरी येताना असे प्रसंग घडतात, आणि फोन हातात घ्यायचा नसतो. जिवाला धोका असेल तर शब्बाथ मोडून फोन करायचाच, धर्माची आज्ञाही तीच आहे. धोका टळला असेल आणि तुम्ही लिहिणार नसाल, तर घरी पोचल्यावर सगळा प्रसंग घरच्या कुणाला तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडी सांगा, दोनदा सांगा. शनिवारी हवदाला, म्हणजे शब्बाथ संपल्याची प्रार्थना, झाली की पहिलं काम लिहायला बसण्याचं.

२. पुसू नका, उचलू नका, डिलीट करू नका

माझी सर्वात मोठी चूक इथेच झाली. पवित्र वस्तू जमिनीवर पडलेली बघवत नाही, हे मला कळतं. पण अर्धा मिनिट थांबा आणि आधी फोटो घ्या: एक लांबून, दार आणि जिना दिसेल असा. एक मधून. एक अगदी जवळून, बाजूला नाणं किंवा बसचं कार्ड ठेवून, म्हणजे आकार कळतो. मगच उचला. चर्मपत्र फाटलं असेल तर कचऱ्यात जाऊ देऊ नका. स्वच्छ कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर तारीख लिहा. पोलिसांचं काम झालं की सिनेगॉगमध्ये द्या, ते गनिझात, म्हणजे जीर्ण पवित्र लेखन साठवायच्या जागी, ठेवून रीतीप्रमाणे दफन करतात.

भिंतीवर काही लिहिलं असेल तर पोलिसांनी पाहीपर्यंत, निदान नीट फोटो निघेपर्यंत, घरमालकाला रंग मारू देऊ नका. आलेलं पत्र किंवा पत्रक कडेला धरून पाकिटात सरकवा, चारचौघांच्या हातांतून फिरवू नका.

कॅमेऱ्याचं चित्रण सगळ्यात आधी हातचं जातं. बऱ्याच इमारतींत ते महिनाभरात आपोआप पुसलं जातं, बसमधलं तर काही दिवसांतच जाऊ शकतं. म्हणून त्याच दिवशी इमारतीच्या व्यवस्थापनाला ईमेल करा: अमुक तारीख, अमुक वेळ, अमुक जागा, हे चित्रण पोलिसांसाठी जपून ठेवावे. तोंडी सांगू नका. मी उशिरा गेले तेव्हा मला 'आधी सांगायला हवं होतं' एवढंच ऐकायला मिळालं. बसमध्ये घडलं असेल तर रूट नंबर, दिशा, चढल्याची आणि उतरल्याची वेळ, आणि जमलं तर बसवरचा गाडी नंबर टिपून घ्या.

ऑनलाइन शिव्या किंवा धमक्या आल्या असतील तर क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी साठवा, मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक करा. उलटं केलंत तर पोस्ट उडते आणि हातात काही राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख-वेळ आणि पोस्टचा पत्ता दिसला पाहिजे. नुसती कापलेली ओळ पुरत नाही.

३. त्याच दिवशी लिहून काढा, आणि शब्द सौम्य करू नका

आपल्या माणसांची एक खोड मी वारंवार पाहिली आहे. ओळखीतल्या एका मुलाला जबाब लिहायला मदत करत होते. त्याने लिहिलं होतं: 'सदर इसमाने मला धर्मावरून अपशब्द वापरले.' मी विचारलं, नेमकं काय म्हणाला? तो दहा मिनिटं बोलायलाच तयार नाही. मग खाली मान घालून म्हणाला, गॅस चेंबरबद्दल बोलला. गळ्यातल्या दाविदाच्या ताऱ्याकडे, म्हणजे ज्यूंच्या सहा टोकांच्या खुणेकडे, बोट दाखवून.

'अपशब्द' आणि 'ताऱ्याकडे बोट दाखवून गॅस चेंबरचा उल्लेख' यांत तक्रारीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. दुसऱ्यात हेतू उघड दिसतो. शिवी घाणेरडी असली तरी जशी ऐकली तशी, ज्या भाषेत ऐकली त्या भाषेत लिहा. लाज तुमची नाही, बोलणाऱ्याची आहे.

टिपणात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: मी पाहिलं ते, मी ऐकलं ते आणि मला वाटलं ते. तारीख, वेळ, जागा, समोरच्याचं वर्णन, कपडे, कोणत्या दिशेने गेला, आजूबाजूला कोण होतं. शेवटी तुमच्या अंगावर ज्यू म्हणून ओळख पटेल असं काय होतं: किप्पा (डोक्यावरची छोटी गोल टोपी), तारा, हिब्रू अक्षरांची पिशवी, सिनेगॉगच्या दारातून बाहेर पडणं.

ही शेवटची ओळ आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. इथल्या पोलिसाला पेणकर, रोहेकर, दिवेकर ही नावं ऐकून तुम्ही ज्यू आहात हे कळायचा प्रश्नच येत नाही. तो तुम्हाला भारतीय म्हणजे हिंदू समजणार. स्वतः सांगा: मी ज्यू आहे, भारतातल्या बेने इस्रायल समाजातली आहे.

४. हा ज्यूद्वेषच का? हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही

बहुतेक लोक याच प्रश्नाशी अडतात. पोलिसांच्या नोंदीचा निकष असा आहे की गुन्हा वंश किंवा धर्माबद्दलच्या वैरभावातून घडला असं पीडित व्यक्तीला किंवा अन्य कुणालाही वाटलं, तर तो हेट क्राइम, म्हणजे द्वेषातून झालेला गुन्हा, म्हणून नोंदवायचा. १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या तरुणाचा खून झाला. त्या तपासावरचा मॅकफर्सन अहवाल १९९९ मध्ये आला आणि ही पद्धत त्यातून रुजली. म्हणजे पुराव्याने सिद्ध करून मगच तक्रार द्यायची असं नाही. 'अन्य कुणालाही' हे शब्दही विसरू नका: शेजारची पाटील मंडळी साक्षीदार म्हणून तक्रार देऊ शकतात.

ज्यूंना कायद्यात वंश आणि धर्म अशी दोन्ही अंगांनी संरक्षण आहे. तक्रारीत दोन्हींचा उल्लेख करायला सांगा. आपल्याबाबतीत तर एकाच वाक्यात भारतीय म्हणून शिवी आणि ज्यू म्हणून शिवी येऊ शकते. यातलं एक निवडायची गरज नाही, दोन्ही सांगा. आणि ज्यू नसलेल्या माणसाला ज्यू समजून त्रास दिला तरी ती ज्यूद्वेषाची घटनाच धरली जाते.

इस्रायलचा विषय निघाला की काय? इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेम्ब्रन्स अलायन्सची २०१६ ची व्याख्या ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वीकारली. ती कायदा नाही, मार्गदर्शक आहे. कुठल्याही इतर देशावर होते तशी टीका इस्रायलवर झाली तर तो ज्यूद्वेष नव्हे, असं त्या व्याख्येतच म्हटलं आहे. मोर्च्यात इस्रायल सरकारविरुद्ध दिलेली घोषणा एक गोष्ट. तीच घोषणा किप्पा घालून शाळेत निघालेल्या पोराच्या अंगावर धावून जाऊन ओरडणं ही दुसरी. मला राग आला म्हणून पहिल्या प्रकाराची नोंद करायला गेलात तर ती मोजली जाणार नाही, आणि जाऊही नये. नोंदवहीत नको ते भरलं की खऱ्या नोंदींवरचा विश्वासही उडतो.

५. कुठे कळवायचं: पोलीस आणि ट्रस्ट, दोन्हीकडे

ज्यू समाजाच्या सुरक्षेचं काम इथे कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट करतो. सगळे त्याला सीएसटी म्हणतात, पण मुंबईकराला त्यावरून स्टेशनच आठवतं, म्हणून मी नुसतं 'ट्रस्ट' म्हणते. १९८४ पासूनच्या ज्यूद्वेषी घटनांची नोंद त्यांच्याकडे आहे. फोन करा किंवा वेबसाइटवरचा फॉर्म भरा, पैसे पडत नाहीत. तुमच्या परवानगीशिवाय ते तुमचं नाव पुढे देत नाहीत. पोलिसांकडे जायची हिंमत होत नसेल तर आधी त्यांच्याशी बोला, ते सोबत करतात.

त्यांच्या नोंदीचे सहा प्रकार आहेत: अतिगंभीर हिंसा, मारहाण, ज्यू मालमत्तेची नासधूस व विटंबना, धमक्या, अपमानास्पद वर्तन आणि मोठ्या संख्येने पसरवलेलं द्वेषी साहित्य. माझा मेझुझा तिसऱ्या प्रकारात बसला. सर्वात जास्त नोंदी पाचव्या प्रकारातल्या असतात, म्हणजे 'एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं' असं आपण म्हणतो त्या. त्यातल्या कित्येक कायद्याने गुन्हा ठरत नाहीत, तरी ट्रस्टकडे त्यांची नोंद होते. म्हणून दोन्हीकडे कळवा.

पोलिसांच्याच 'ट्रू व्हिजन' या वेबसाइटवरूनही हेट क्राइम कळवता येतो, नाव न देतासुद्धा. पण नाव नसेल तर तपास फारसा पुढे सरकत नाही, हे गृहीत धरा.

विद्यार्थी व्हिसाची धास्ती घेतात. कायदेशीर व्हिसावर असलेल्या माणसाने स्वतःवर झालेल्या गुन्ह्याची तक्रार केली म्हणून व्हिसाला धक्का लागत नाही. ही भीती मनातून काढा.

६. पोलिसांशी बोलताना

- क्राइम रेफरन्स नंबर घेतल्याशिवाय संभाषण संपवू नका. अधिकाऱ्याचं नाव आणि खांद्यावरचा नंबर लिहून घ्या.
- 'हे ज्यूद्वेषी हेट क्राइम म्हणून नोंदवलं का?' असं सरळ विचारा. नुसतं 'नासधूस' म्हणून नोंद झाली तर हेतूचा भाग गळून पडतो.
- इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषा मागा. मराठी म्हणा, हिंदीवर भागवू नका. पैसे द्यावे लागत नाहीत. आई-वडील तुमच्याकडे राहायला आले असताना त्यांच्याबाबतीत काही घडलं, तर हे फार उपयोगी पडतं.
- जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. तुमचे नेमके शब्द त्यात आहेत का ते बघा.
- या प्रसंगाचा तुमच्यावर काय परिणाम झाला हे सांगणारं वेगळं निवेदन देता येतं. झोप लागत नाही, मुलगा तारा शर्टाच्या आत लपवतो, मेझुझा आता आतल्या बाजूला लावलाय: हे सगळं त्यात येऊ द्या.

१९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर अॅक्टप्रमाणे मारहाण, नासधूस, छळ अशा काही गुन्ह्यांमागे वांशिक किंवा धार्मिक वैर असेल तर ते वेगळे, जास्त शिक्षेचे गुन्हे ठरतात. हेतूची नोंद पहिल्या दिवसापासून व्हावी असा आग्रह मी धरते तो यासाठी.

७. नोकरी आणि कॉलेज: इथे घड्याळ चालू असतं

ऑफिसमध्ये 'तुम्ही ज्यू लोक पैशाला पक्के' हे दर आठवड्याला हसत हसत ऐकवलं जात असेल, किंवा हिवाळ्यात चारच्या सुमारास सूर्य मावळतो म्हणून शुक्रवारी लवकर निघायची विनंती काही विचार न करता फेटाळली जात असेल, तर ते इक्वालिटी अॅक्ट २०१० च्या कक्षेत येऊ शकतं. आधी लेखी तक्रार द्या. पण अंतर्गत चौकशीचा निकाल येईल म्हणून वाट बघत बसू नका. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलसाठीची मुदत आजवर घटनेपासून तीन महिने उणे एक दिवस अशी राहिली आहे, आणि त्याआधी अकास या संस्थेकडे समेटाची प्रक्रिया सुरू करावी लागते. मुदतीच्या नियमांत बदल होत आहेत, म्हणून अकासच्या साइटवर त्या दिवशीचा नियम वाचूनच तारीख ठरवा. चांगली बाजू असूनही केवळ मुदत गेली म्हणून हात हलवत परतलेली माणसं मी पाहिली आहेत.

विद्यापीठात आधी त्यांच्या तक्रार कक्षाकडे जा. युनियन ऑफ ज्यूइश स्टुडंट्स ही संघटना सोबत करते. विद्यापीठाने अंतिम निर्णयाचं पत्र दिलं आणि तो पटला नाही, तर बारा महिन्यांच्या आत ओआयए या स्वतंत्र तक्रार निवारण संस्थेकडे जाता येतं.

८. संशयास्पद हालचाल हीसुद्धा नोंद आहे

सिनेगॉगच्या दाराचे फोटो काढणारा, आत किती माणसं असतात आणि सुटी कधी असते हे विचारणारा, तीच गाडी तीनदा फिरवणारा. हे कळवायला लोक लाजतात. मुंबईच्या माणसाला याचं कारण समजावून सांगावं लागू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊस या मुंबईतल्या ज्यू केंद्रात सहा जण मारले गेले, आणि त्या इमारतीची टेहळणी हल्लेखोरांसाठी डेव्हिड हेडलीने आधीच करून ठेवली होती. २ ऑक्टोबर २०२५ ला योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वात पवित्र दिवशी मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला, त्यात दोघांचे प्राण गेले.

त्यामुळे तुम्ही स्वतः पहिल्यांदा इथल्या सिनेगॉगमध्ये जाल तेव्हा दारावरच्या स्वयंसेवकांनी प्रश्न विचारले, पिशवी पाहिली तर वाईट वाटून घेऊ नका. आधी फोन करून कळवा, पासपोर्ट जवळ ठेवा, बाहेरून फोटो काढत उभे राहू नका.

९. आकडे वाचताना

तुम्ही स्वयंसेवक म्हणून या कामात उतरणार असाल तर हे पक्कं डोक्यात ठेवा. ट्रस्टच्या वार्षिक अहवालांत २०२२ साठी १,६६२ घटना होत्या, २०२३ साठी ४,१०३ आणि २०२४ साठी ३,५२८. २०२३ मधल्या २,६९९ घटना ७ ऑक्टोबर (हमासने इस्रायलवर हल्ला केला तो दिवस) किंवा त्यानंतरच्या, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या बारा आठवड्यांतल्या. उशिरा आलेल्या तक्रारी नंतर त्या त्या वर्षात घातल्या जातात, म्हणून पुढच्या अहवालात जुना आकडा थोडा बदललेला दिसतो. त्यात लबाडी नाही.

गृहखात्याचा आकडा वेगळाच दिसेल: मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात ज्यूंविरुद्धचे ३,२८२ धार्मिक हेट क्राइम, आदल्या वर्षी १,५४३. तो फक्त पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांचा आहे, इंग्लंड-वेल्सपुरता आहे आणि वर्ष एप्रिल ते मार्च आहे. ट्रस्टचा आकडा संपूर्ण ब्रिटनचा, कॅलेंडर वर्षाचा आणि गुन्हा नसलेल्या घटनाही धरणारा. दोन्हींची बेरीज करू नका, एकातून दुसरा वजाही करू नका.

आणि दोन्हीकडे न पोचलेलं फार मोठं आहे. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१८ मध्ये ब्रिटनसह बारा देशांतल्या ज्यूंची पाहणी केली. ज्यांना ज्यूद्वेषी छळ सोसावा लागला त्यांच्यातल्या ७९ टक्के लोकांनी त्यातला सर्वात गंभीर प्रसंगसुद्धा कुठेच कळवला नव्हता. तीन आठवडे मीही त्यांच्यातलीच होते.

१०. एका फाइलमध्ये काय असावं

- तारीख घातलेलं मूळ टिपण
- फोटो आणि स्क्रीनशॉट: मूळ फाइल, व्हॉट्सअॅपवरून फिरलेली नव्हे, कारण तिथे वेळेची माहिती गळते
- चित्रण जपण्याबद्दल पाठवलेला ईमेल
- क्राइम रेफरन्स नंबर, अधिकाऱ्याचं नाव, प्रत्येक फोनची तारीख
- ट्रस्टकडून मिळालेला संदर्भ क्रमांक
- साक्षीदारांची नावं आणि नंबर, त्यांना विचारून
- दुरुस्तीच्या, डॉक्टरच्या पावत्या
- नोकरी किंवा कॉलेजचं प्रकरण असेल तर मुदतीची शेवटची तारीख, फाइलच्या वरच्याच पानावर, मोठ्या अक्षरांत

टिपण मराठीत लिहिलं असेल तर इंग्रजी करून झाल्यावर मराठी कागद फाडू नका. घटनेनंतर तासाभरात लिहिलेला मूळ कागद तो असतो. भाषांतर नंतर कितीही वेळा करता येतं.